माझ्या तोंडचं गाऱ्हाणं

राग टिकवायचा असेल तर त्याला ओला हात लावू द्यायचा नाही, हे मी लोणच्याच्या बरणीवरून शिकले. लोक येतात, माझ्या शेजारी बसतात, म्हणतात, सुमनताई, जाऊ दे ना आता, किती वर्षं झाली, तात्याही गेला बिचारा. हा 'बिचारा' म्हणजे ओला हात. मी तो बरणीपर्यंत पोचू देत नाही. तात्या बिचारा नव्हता. तो मेला तेव्हा चाळीतले सगळे खांद्याला गेले, मी तेवढी घरात बसून तांदूळ निवडले, आणि त्या तांदळाचा भात मला चांगला लागला. हे लिहायला नको असं माझ्या सुनेचं म्हणणं आहे. तिने तिचं लिहावं.

आई गेली आणि बापाने वर्षाच्या आत दुसरी आणली, तेव्हा आत्येने मला गावाहून लालबागला आणलं. आत्येची खानावळ होती. गिरणीतले लोक पाळीप्रमाणे जेवायला यायचे, एक पंगत उठते तोवर दुसरी दारात उभी. पहाटे पाट्यावर वाटपाचा आवाज, भाकऱ्या थापल्याचा आवाज, मग भोंगा, की लगेच जिन्यावर चपला. मला त्या घराचे सगळे आवाज पाठ झाले, कारण मी बघायला पुढे नव्हतेच. माझ्या हातांवर पांढरे डाग होते. गावाहून निघाले तेव्हा बोटांपुरते होते, लालबागला येईपर्यंत मनगटाच्या वर चढले. कोड लागत नाही, हे आज शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा आमच्या चाळीत पाण्याच्या नळावर मी कळशी उचलली की बायका आधी नळ विसळून घ्यायच्या. आणि आमचा धंदा जेवणाचा. आत्ये वाईट नव्हती, पण तिने पहिल्याच दिवशी स्वयंपाकाच्या जागी जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि म्हणाली, "चेडवा, तू हयच बस. भाकऱ्यो कर, वाटाप कर, पण भायर येव नको. लोकांनी तुझे हात बघल्यानी तर उद्या चूल पेटाची नाय." मी केलेल्या भाकऱ्यांची तारीफ करत ती माणसं जेवायची आणि मी पडद्याआड ऐकायचे. बांगड्याचं तिखलं माझं, सोलकढी माझी, कुळथाची पिठी माझी. नाव आत्येचं.

पंगतीच्या शेवटी, पडद्याला लागून, परक्यांची जागा असे. आमची चाळ सगळी कोकणातली, त्यात एक घाटावरचा माणूस आमच्याकडे जेवायचा, साताऱ्याकडचा, आत्येचे यजमान होते तेव्हा त्यांच्याबरोबर गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, होता म्हणून. त्याने एक दिवस पुतण्याला बरोबर आणलं. संपत. माझ्याएवढाच असेल, मला तेव्हा सोळावं लागलं होतं. कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात गाठी शिवायच्या कामाला लागला होता आणि चुलत्याच्या गाळ्यात झोपायचा, जिथे वीसेक माणसं पाळीने आडवी होत. पंगतीतले लोक त्याला घाटी म्हणायचे. नावाने हाक मारायची कोणाला गरजच वाटली नाही. त्याचं बोलणं ऐकून हसायचे, मासा कसा सोलायचा ते त्याला येत नाही म्हणून हसायचे. तो काटा घशात अडकला तरी आवाज करायचा नाही. मला पडद्याच्या फटीतून त्याचे केस दिसायचे, आणि केसांत भुरभुरलेला कापूस.

एकदा आत्ये पाणी भरायला खाली गेली होती आणि त्याच्या ताटातली भाकरी संपली. बाकीच्यांनी आत्येला हाका मारल्या असत्या. तो पडद्याकडे बघून हळू म्हणाला, "भाकरी हाय का वो?" मी परातीवर वाकले. "हाय तर द्या की. लपून का बसलाय?" मी फटीतून हात बाहेर काढला, भाकरी दिली. मुद्दाम. मला वाटलं, बघू दे, ओकू दे, संपू दे. त्याने हात बघितला, भाकरी घेतली, तोडली, खाल्ली. मग म्हणाला, "हात धुतल्यात न्हवं? मग झालं." बस्स. लोक प्रेमात पडल्याच्या काय काय गोष्टी सांगतात, वारा सुटला आणि घंटा वाजल्या. माझं असं पडलं, ज्वारीच्या भाकरीवर.

पुढे काय, पुढे मीच वाटा शोधल्या. गोदामाच्या पहारेकऱ्याला आमच्याकडून दुपारचा डबा जायचा. डब्याला झाकण असतं, हात दिसत नाहीत, म्हणून तो पोचवायचं काम आत्येने मला दिलं होतं. पहारेकरी डबा घेऊन फाटकाजवळच्या खोपटात शिरला की गोदामाची मागची बाजू, रुळांकडची, आमची दोघांची. मी ओच्यात एक छोटा डबा लपवून न्यायचे आणि आम्ही त्यातून जेवायचो. एकाच डब्यातून, हे महत्त्वाचं. माझ्या हाताने ढवळलेलं पाणी लोक पीत नव्हते. त्याच्या अंगावर कापूस असायचा, मानेवर, पापण्यांवर. एकदा माझा हात आपल्या हाताशेजारी ठेवून म्हणाला, "माझ्या अंगाला कापूस, तुझ्या बी अंगाला कापूस. माझा झटकला की जातो, तुझा ऱ्हातो. एवढाच फरक." मी त्याला म्हटलं, तू वेडा आहेस. म्हणाला, "असंल." याच्यापलीकडे आमच्यात काही झालं नाही. हे कोणाला सफाई म्हणून सांगत नाही. झालं असतं तरी माझी हरकत नव्हती.

आता तात्या. तात्या त्याच गोदामात मुकादम होता आणि आमच्या चाळीतला जाणता. भांडण तात्या सोडवणार, लग्न तात्या ठरवणार, आणि चाळीच्या गणपतीसमोर गाऱ्हाणं तात्याच घालणार. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवाशी उघड बोलणं. एक जाणता पुढे उभा राहून देवाला एकेक गोष्ट सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे हात जोडून एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरतं की वाक्य कुठे संपलं हे कानाला कळतं आणि तोंड आपोआप उघडतं. वाक्यात काय आहे ते ऐकायची कोणाला गरज पडत नाही. तात्याचा आवाज भरदार होता, मान्य करते. तो 'म्हाराजा'तला 'रा' असा ओढायचा की दुसऱ्या माळ्यावरची तान्ही पोरं रडायची थांबायची. पडद्याआड बसून मी त्याची सगळी गाऱ्हाणी पाठ केली होती. करायला दुसरं होतं काय.

त्या वर्षी गणपतीत गोदाम बंद होतं, पहारेकरी तेवढा होता. विसर्जनाच्या आदल्या दुपारी मी डबा घेऊन गेले, संपत रुळांच्या बाजूने आला. सणाचे दिवस, मासळी बंद, काळ्या वाटाण्याची उसळ होती. आम्ही खाली वाकून खात होतो, संपतची पाठ रस्त्याकडे. मी मान वर केली तर गाठींच्या कोपऱ्याशी तात्या. कशाला आला होता देव जाणे. त्याने माझ्याकडे बघितलं, संपतच्या पाठीकडे बघितलं, आमच्या डब्याकडे बघितलं, आणि निघून गेला. मी संपतला सांगितलं नाही. उसळ उरली होती, त्याला पोटभर खाऊ दे म्हटलं.

संध्याकाळी चाळीत गलका. गणपतीपुढचा चांदीचा उंदीर गेला. दुपारी आरास नीट करायला बायका आल्या तेव्हा होता, दिवे लावायच्या वेळी नाही. सगळे सगळ्यांकडे बघत होते, आणि तेवढ्यात तात्या म्हणाला, "दुपारी तो घाटी हय घुटमळत होतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." संपतला गाळ्यातून ओढून आणला. कुठे होतास दुपारी, विचारलं. तो बोलला नाही. पहिली थप्पड तात्याची, कानावर. मग बाकीच्यांना हुरूप आला. मी गॅलरीतून बघत होते. कुठे होतास, पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. एक शब्द बोलला असता तर सुटला असता, आणि मी कायमची अडकले असते. तो वर बघत सुद्धा नव्हता, कारण वर बघितलं असतं तर लोकांनीही वर बघितलं असतं. चुलता येऊन त्याला सोडवून घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गावी पाठवला.

रात्री मी पाणी घेऊन जिना चढत होते, तात्या उतरत होता. थांबला. प्रेमाने बोलला, हेच मला अजून सहन होत नाही. "बाय, गप ऱ्हव. तोंड उघडलस तर तुझीच अब्रू जातली, तेची नाय. मी तुका वाचवलंय." त्याला खरंच वाटत होतं की त्याने उपकार केले. चाळीची पोर राहिली, परका गेला, हिशेब बरोबर. माझ्यासाठी त्याच्या नात्यातला एक बिजवर त्याने बघून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. डागवाल्या मुलीला आणखी कोण मिळणार, असं आत्येला पटवूनही झालं होतं.

आत्ये झोपली तरी मी जागी. रडले नाही. मी विचार करत होते, आणि विचार असा होता की, आत्येला सांगितलं तर ती माझं तोंड दाबेल. पंचांना सांगितलं तर पंच म्हणजे तात्याच. चाळीत एकच जागा अशी होती जिथे तात्या सुद्धा मध्येच कोणाला थांबवू शकत नव्हता. सुरू झालेलं गाऱ्हाणं अर्धं सोडत नाहीत.

विसर्जनाच्या दिवशी आरती झाली, तात्याने चाळीचं मोठं गाऱ्हाणं घातलं. त्यानंतर ज्याचं काही खासगी मागणं असेल तो नारळ घेऊन पुढे येतो आणि तात्या त्याच्या वतीने देवाला सांगतो. कोणाला मूल नाही, कोणाची नोकरी. मी नारळ घेतला आणि पडद्याबाहेर आले. बाहेर म्हणजे खरोखर बाहेर, दोन्ही हात उघडे, मांडवाच्या मधोमध. बायका बाजूला सरकल्या, त्यामुळे मला वाट छान मिळाली. तात्याने नारळ घेतला, लांबून. "काय सांगूचा आसा देवाक?"

"माझ्या हातांचा दुखणा," मी म्हटलं. "पण माझा दुखणा मी माझ्या तोंडान सांगतंय."

बायका गाऱ्हाणं घालत नसत. तात्याने एकदा लोकांकडे बघितलं. बायका चुकचुकत होत्या, पोरीची दया येत होती सगळ्यांना, आणि आदल्या रात्री माझ्यावर उपकार करून तात्याचं मन भरलेलं होतं. "सांग बाय, सांग," म्हणाला, आणि स्वतः माझ्या मागे जाऊन हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला. हे माझ्या नशिबाने झालं नाही. मी तसंच होईल हे धरूनच आले होते.

"बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं. 'रा' तात्यासारखाच ओढला.

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या चाळीतली तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या हातून काय चुकला-माकला असात, ता पोटात घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता सूर लागला होता. मागून सगळ्यांच्या वर तात्याचा आवाज येत होता.

"ह्याच मांडवात एक माणूस उभो आसा, जेणी डोळ्यांनी खरा बघितल्यान आणि तोंडान खोटा सांगितल्यान, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेचो शब्द ह्या चाळीत परत कोणी उचलूचो नाय, असा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." तात्या सगळ्यात मोठ्याने. त्याला काय वाटलं असेल, चोरासाठी बोलते आहे पोरगी. आपल्या शापाला आपणच होकार दिला त्याने, देवासमोर, हात जोडून, आणि शंभर माणसं साक्षीला.

मग मी वळले. देवाकडे पाठ करत नाहीत, मी केली. "काल दुपारी संपत कापसाच्या गोदामात माझ्यावांगडा होतो. आमी एका डब्यातला जेवत होतो. ह्या हातांचा जेवण. आणि ता बघणारो माणूस, तो ह्यो तात्या, म्हाराजा."

तात्याने डोळे उघडले होते. तोंडही उघडं होतं, सवयीने उघडलेलं, आणि त्यातून काही येईना. आत्येच्या हातातलं आरतीचं तबक कलंडलं तेवढा आवाज. वाक्य संपलं होतं आणि होकार आला नव्हता, आणि गाऱ्हाणं असं लोंबकळत ठेवता येत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तेव्हा मांडवाच्या दाराशी, चपलांच्या ढिगापाशी उभा असलेला संपतचा चुलता म्हणाला, "होय महाराजा." सपाट, बोलल्यासारखं. त्याला आमचा सूर जमला नाही, त्याने उभ्या आयुष्यात गाऱ्हाणं ऐकलं नव्हतं.

आत्येने मला दंडाला धरून घरात नेलं. मारलं नाही. खाली ढोल वाजायला लागले, गणपती निघाला, ती भिंतीला टेकून बसली होती. दुसऱ्या दिवशी पोरांनी मखर उतरवलं, चौरंगाचं लाल कापड झटकलं, आणि घडीतून चांदीचा उंदीर ठण्णकन जमिनीवर पडला. कोणी चोरलाच नव्हता. आरास करताना बायकांच्याच हाताने कापडात गुंडाळला गेला होता. तेव्हा आत्ये मला म्हणाली, आणि पुढे वर्षानुवर्षं किती जणांनी हेच ऐकवलं, "एक दिवस थांबली असतस तर? झिलग्याचा नाव आपसूक सुटला असता आणि तुझाव रवला असता." मी तिला म्हटलं, उंदराने संपतला सोडवलं असतं आत्ये, तात्यालाही सोडवलं असतं. 'बघण्यात चूक झाली' म्हणाला असता आणि पुढच्या वर्षी पुन्हा पुढे उभा राहिला असता. मला संपत सुटायला हवा होता आणि तात्या अडकायला हवा होता. दोन्ही.

बिजवराने नकार कळवला, ते एक बरं झालं. खानावळीत आठवडाभर चाळीतलं कोणी जेवायला आलं नाही. गाळ्यातले घाटी मात्र चुलत्याने ओळीने आणून बसवले. आत्ये वाढायला उठली तर तो म्हणाला, "मावशी, पोरीला वाढू द्या." आत्येने पडद्याकडे बघितलं आणि तो स्वतः ओढून काढला. त्याचं पुढे पायपुसणं केलं. मी भाकऱ्या वाढत चुलत्यापर्यंत आले तेव्हा विचारलं, कधी येणार तो. चुलता ताटात बघत म्हणाला, "न्हाई यायचा. त्येच्या आईनं शपथ घातलीय. उजवा कान गेला पोराचा. डाव्या बाजूनं बोललं तरच कळतंय." तू मांडवात काय बोललीस ते गावी जाऊन त्याला सांगितलं, म्हणाला. डाव्या कानात सांगितलं. ऐकून तो काय म्हणाला, हे मी विचारलं, आणि चुलत्याने सांगितलं की नुसता हसला. मी तेवढ्यावर जगले म्हणणार नाही. माझं लग्न झालं, माणूस चांगला मिळाला, मुलं झाली. पण उजव्या बाजूने कोणी हाक मारली की मला अजून तो कान आठवतो.

चाळ गेली. तिच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत मी सोळाव्या मजल्यावर राहते. डागही गेले, म्हणजे उरलेला रंगच गेला, मी डोक्यापासून पायापर्यंत सारखी झाले. लिफ्टमधल्या नव्या बायका विचारतात, मावशी, तुम्ही कोकणस्थ का हो, किती गोऱ्या. मी हो म्हणते.

राहिलं पुढच्या वर्षीचं. गणपती आला, आरती झाली, तात्या पुढे उभा राहिला. वर्षभरात त्याला कोणी टाकून बोललं नव्हतं, त्याला वाटलं असेल विसरले. हात जोडले, खाकरला. "बा देवा म्हाराजा." आणि थांबला, होकारासाठी. आला नाही. हे कोणी ठरवलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. सगळ्यांचे हात जोडलेले होते, फक्त तोंडं उघडेनात. ज्याने त्याने खाली बघितलं. त्याने पुन्हा म्हटलं, "बा देवा म्हाराजा." त्याचा तो भरदार आवाज मांडवाच्या कापडात जाऊन बसला. तात्याची मान लालबुंद झाली. गाऱ्हाणं सुरू केलेलं, मागे फिरता येईना, पुढे जाता येईना.

मी त्याच्या बरोबर उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले, अगदी कानाशी, आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

लोकांना वाटलं, पोरीने मन मोठं केलं. बायकांनी डोळे पुसले. मन मोठं बिठं काही नव्हतं. मी होकार दिला म्हणून त्याला पुढचं वाक्य म्हणावं लागलं. ते संपलं की पुन्हा मी, एकटी, "व्हय म्हाराजा". मग पुढचं. अख्खी चाळ गप्प उभी, आणि तात्याला त्याचं सगळं गाऱ्हाणं, चुकलं-माकलं, लेकराबाळांची राखण, इडापीडा, शेवटपर्यंत म्हणायला लावलं मी, एकेक वाक्य, माझ्या एकटीच्या होकारावर. शेवटाला त्याचा आवाज इतका बसला की मलाच ऐकू येत होता. त्यानंतर तात्या कधीच गाऱ्हाण्याला पुढे उभा राहिला नाही.